मेल सर्व्हर घरातच, तरी एक पीडीएफ उतरायला पावणेचार मिनिटं?

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. आधी घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे "जीमेल वापरा की राव" हा प्रतिसाद टळेल. टळणार नाही हे माहीत आहे, तरी सांगतो.

सांगलीत घरातच पुढच्या खोलीत बायकोचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. स्वतःच्या डोमेनची मेलबॉक्स होस्टिंगवाल्याकडे, पण तिथे जागा फक्त १ जीबी. क्लायंट लोक बँक स्टेटमेंटं, बिलांचे फोटो, अख्ख्या खतावण्या स्कॅन करून मेलवर ढकलतात, त्यामुळे ती महिन्याभरात तुडुंब भरते. म्हणून सहा वर्षांपूर्वी एका जुन्या कोअर टू ड्युओ डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्स) टाकून घरचा मेल सर्व्हर केला. फेचमेल दर पाच मिनिटांनी होस्टिंगवरून पॉप-३ने मेल ओढून आणतं, स्पॅमअ‍ॅसॅसिन ती चाळतं आणि डोव्हकॉट आयमॅपने आम्हाला वाढतं. बायकोच्या आणि तिच्या असिस्टंटच्या पीसीवर मेल वाचायला थंडरबर्ड आहे. सहा वर्षांत कुरकुर नाही.

आता गेले दोन आठवडे असं होतंय. मेलची यादी पटकन दिसते. दोन ओळींची मेल लगेच उघडते. अटॅचमेंट आली की मात्र पट्टी सरकायचं नावच घेत नाही. आज १२ एमबीच्या एका पीडीएफला मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं: ३ मिनिटं ४६ सेकंद. सर्व्हर आणि पीसीच्या मध्ये एक भिंत आहे हो. पेन ड्राइव्ह घेऊन चालत गेलो असतो तर वाटेत पाणी पिऊनही लवकर पोचलो असतो.

करून झालेलं: दोन्हीकडे रीस्टार्ट, थंडरबर्डमध्ये फोल्डर रिपेअर, डिस्क तपासली (निम्म्याहून जास्त रिकामी), सीपीयू झोपलेला. नेट उत्तम, पीसीवर स्पीड टेस्ट ९० एमबीपीएसच्या वर. आणि मुख्य म्हणजे *मी काहीही बदललेलं नाही.*

सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे टॅक्स ऑडिटचा महिना. घरातलं वातावरण समजून घ्या.

टमटम

जीमेल वापरा की राव.

सोलकढी

टमटम, तुला कुणीतरी आवरा.

कृष्णाकाठ, केबल उंदराने कुरतडली नाही ना? आमच्या रत्नागिरीच्या घरी पावसाळ्यात दोनदा झालंय. लाईट लुकलुकत होते, त्यामुळे कुणाला संशयच आला नाही.

रात्रपाळी

मेल मेलडिरमध्ये आहेत की एमबॉक्समध्ये? एमबॉक्स असेल तर सगळा फोल्डर ही एकच भलीमोठी फाइल असते आणि मधली एक मेल उडवली तरी पुढचं सगळं सरकवत बसावं लागतं. मेलडिर (प्रत्येक मेलची वेगळी फाइल) असेल तर इनबॉक्समध्ये किती मेल आहेत ते सांगा. दुसरं, फेचमेलने आणलेली मेल फोल्डरात टाकतं कोण? डोव्हकॉटच्या स्वतःच्या डिलिव्हरीवाल्याने टाकली तर तो इंडेक्स (मेलची सूची) तिथल्या तिथे भरतो. दुसऱ्याच कुणी फाइल नेऊन ठेवली तर फोल्डर उघडताना डोव्हकॉटला प्रत्येक फाइलच्या आत डोकवावं लागतं. इंडेक्सच्या फाइली बिघडल्या असतील तर त्या हलवून ठेवा, डोव्हकॉट नव्याने बनवतं.

तिसरा संशयित अँटिव्हायरस. काही अँटिव्हायरस ९९३ पोर्टवरची (सुरक्षित आयमॅपची) मेल मधल्यामध्ये अडवून उघडून बघतात आणि मग पुढे सोडतात. तो थोडा वेळ बंद करून बघा.

कृष्णाकाठ

@सोलकढी, केबल बदलून बघितली, फरक शून्य.

@रात्रपाळी, मेलडिर. इनबॉक्समध्ये ११ हजारांच्या आसपास. डिलिव्हरी डोव्हकॉटच्याच प्रोग्रॅमने होते. इंडेक्स हलवून ठेवले. पहिल्यांदा यादी यायला थोडा वेळ लागला, मग पूर्ववत. पीडीएफ तेवढीच रखडली. अँटिव्हायरस बंद केला, तरी तेच. असिस्टंटच्या पीसीवर वेगळा अँटिव्हायरस आहे, तिथेही हीच रड.

टमटम

अवांतर: जुना डेस्कटॉप २४ तास चालू? ५० वॉट धरले तरी दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. त्यापेक्षा होस्टिंगची जागा वाढवून घेतली असती तर?

कृष्णाकाठ

हिशोब बरोबर आहे आणि तो बायकोला कळता कामा नये.

ढगाळहवा (मंगळवार, सकाळी ७:१५)

सगळेजण मेलच्या मागे लागलेत. मेलला क्षणभर बाजूला ठेवा.

तीच १२ एमबीची पीडीएफ सर्व्हरवरून एससीपीने (नुसती फाइल कॉपी, मेलचा संबंध नाही) पीसीवर ओढा. वेळ मोजा. नंतर आयपर्फ-३ (दोन मशीनमधल्या रस्त्याचा वेग मोजतं) दोन्हीकडे टाका आणि दोन्ही दिशांनी चालवा, साधं एकदा आणि आर लावून उलटं एकदा. आकडे इथे द्या.

नेटच्या स्पीड टेस्टचं म्हणाल तर ती पीसीवर केलीत, म्हणजे पीसी ते राउटर आणि बाहेरचा रस्ता ठीक आहे एवढंच कळलं. सर्व्हरच्या दारातला रस्ता त्या टेस्टने बघितलेलाच नाही.

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री ९:०५)

ताई, हे बघा.

एससीपी: २ मिनिटं ५० सेकंद.
आयपर्फ, सर्व्हरकडून पीसीकडे: ०.६ एमबीपीएस, मधूनमधून चक्क शून्य.
आयपर्फ, पीसीकडून सर्व्हरकडे: कधी २०, कधी ४५, एकदा ८. ठिकाणावर नाही.
पिंग: एक मिलिसेकंदाच्या आत, शंभरातलं एकही हरवलं नाही.

पिंग इतकं छान असताना हे काय गौडबंगाल आहे?

ढगाळहवा

मग डोव्हकॉट सुटला. हिशोब करून बघा. मेलमध्ये अटॅचमेंट जशीच्या तशी जात नाही, बेस-६४ होऊन जाते. ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, वर ओळींच्या शेवटाचं थोडं. १२ एमबीचे सव्वासोळा-साडेसोळा एमबी झाले, म्हणजे १३१ मेगाबिट. तुमची ३ मिनिटं ४६ सेकंद म्हणजे २२६ सेकंद. १३१ भागिले २२६, ०.५८. आयपर्फने काय दाखवलं? ०.६. एससीपीला बेस-६४ करावं लागत नाही, म्हणून त्याला तेवढा कमी वेळ लागला.

तिन्ही आकडे एकाच नळातून पडतायत. मेल सर्व्हर तुमची फाइल द्यायला तयार बसलाय, रस्ता चोंदलाय.

आता सर्व्हरवर ईथटूल ही आज्ञा चालवा, पुढे नेटवर्क कार्डाचं नाव. स्पीड, डुप्लेक्स आणि त्यांच्या वरच्या "लिंक पार्टनर"च्या (केबलच्या दुसऱ्या टोकाच्या) ओळी, एवढं वाचून दाखवा. सर्व्हरची केबल कशात जाते तेही सांगा.

कृष्णाकाठ

स्पीड: १००. डुप्लेक्स: *हाफ*. लिंक पार्टनर ऑटो-निगोशिएशन: नाही. आणि आयएफकॉन्फिगमध्ये कोलिजन्सच्या (टकरांच्या) पुढे सहा आकडी संख्या आहे, तिथे शून्य असतं ना?

केबल एका ८ पोर्टच्या १०/१०० स्विचमध्ये जाते. मॅनेज्ड प्रकारचा आहे, म्हणजे प्रत्येक पोर्टची सेटिंग वेगळी ठरवता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड घेतला होता, कुठल्यातरी ऑफिसमधून निघालेला. दोन्ही पीसी आणि राउटरही त्यातच.

ढगाळहवा

हं. सापडलं. आप्पा कुठेत? हे त्यांच्या काळातलं दुखणं आहे, त्यांनी सांगावं.

एक्स्चेंजचे आप्पा (मंगळवार, रात्री ११:२०)

आलो आलो. जेवण उरकत होतो.

कृष्णाकाठ, तुम्हाला डुप्लेक्स मिसमॅच झालाय. आमच्या नोकरीच्या काळात आठवड्याला एक तरी असायचा, हल्ली कुणाला माहीतही नसतो. सावकाश सांगतो.

हाफ डुप्लेक्स म्हणजे वॉकीटॉकी. एक बोलतो तेव्हा दुसऱ्याने गप्प बसायचं. दोघे एकदम बोलले तर गोंधळ, दोघांनी थांबायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलायचं. फुल डुप्लेक्स म्हणजे टेलिफोन. दोघे एकदम बोलू शकतात, दोन्ही आवाज वेगळ्या तारांनी जातात.

आता तुमच्याकडे एका टोकाला वॉकीटॉकीवाला बसलाय (सर्व्हर) आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोनवाला (स्विच). स्विच वाटेल तेव्हा बोलतो, कारण त्याच्या मते ते चालतं. सर्व्हर अर्धं वाक्य बोलून झालेला असतो, तेवढ्यात समोरून आवाज येतो. तो म्हणतो गोंधळ झाला आणि वाक्य मध्येच तोडतो. स्विचला तुटकं वाक्य मिळतं, ते तो टाकून देतो. पहिल्या ६४ बाइटांच्या आत टक्कर झाली तर कार्ड आपणहून ते पुन्हा पाठवतं. त्यानंतर झाली तर तिला लेट कोलिजन म्हणतात, तिथे कार्ड हात वर करतं. मग डेटा पोचवायची जबाबदारी असलेल्या टीसीपीला बऱ्याच वेळाने कळतं की काहीतरी पोचलं नाही, तो पुन्हा पाठवतो आणि प्रत्येक वेळी वेग आणखी कमी करतो. तुमचा ०.६ तिथून आला.

पिंग चांगलं का? कारण पिंगमध्ये एक पॅकेट जातं, मग एक येतं. दोघे एकदम बोलतच नाहीत. छोट्या मेलचंही तेच. मोठी फाइल निघाली की इकडून डेटा आणि तिकडून पोचपावत्या एकाच वेळी धावतात, आणि मग टकरा.

असं होतं का, तर १९९५ साली १०० मेगाबिटवाल्या इथरनेटबरोबर ऑटो-निगोशिएशनचं मानक आलं, दोन्ही टोकांनी आपापसात ठरवायचं. पण सुरुवातीला वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी धड ठरवत नसत. म्हणून आम्ही सगळे शहाणे स्विचवर "१०० फुल" असं ठोकून बसवायचो आणि ऑटो बंद. दोन्ही टोकांना ठोकलं तर उत्तम चालतं. एकाच टोकाला ठोकलं तर दुसरं टोक, जे अजून ऑटोवर आहे, त्याला उत्तरच येत नाही. सिग्नलवरून त्याला वेग १०० आहे हे ओळखता येतं, डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि नियमाप्रमाणे अशा वेळी हाफ धरायचं असतं. तुमच्या सर्व्हरने नियम पाळलाय. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटला ऑटो सक्तीचंच आहे, म्हणून नव्या सामानात हे दुखणं दिसत नाही.

तुमच्या स्विचच्या त्या पोर्टवर आधीच्या ऑफिसातल्या कुणीतरी "१०० फुल" ठोकलेलं आहे. माझ्यासारखाच कुणीतरी असणार.

उपाय फुकट आहे. सर्व्हरची केबल दुसऱ्या पोर्टात लावा आणि ईथटूल पुन्हा बघा. सर्व्हरलाही १०० फुल ठोकून बसवू नका. आज चालेल, पण उद्या तुम्ही नवा स्विच आणाल तेव्हा हेच उलट्या बाजूने होईल.

सोलकढी

आप्पा, वॉकीटॉकी आणि टेलिफोन पहिल्यांदा समजलं. वाचनखूण साठवली.

एक शंका. स्विच पहिल्यापासून तोच, तर सहा वर्षं नीट कसं चाललं?

कृष्णाकाठ (बुधवार, सकाळी ८:३०)

सोलकढी, हाच प्रश्न काल रात्री मलाही पडला. म्हणून घरात चौकशी केली. आता नीट वाचा.

सर्व्हर, स्विच, राउटर सगळं हॉलच्या कोपऱ्यात एका फळीवर असतं. त्याच कोपऱ्यात आमचा गणपती बसतो. मखराला तो कोपरा आणि दिव्यांच्या माळांना तिथलाच प्लग लागतो. म्हणून दरवर्षी पाच दिवस हे सगळं उचलून बाजूच्या कपाटावर जातं. यंदा विसर्जनानंतर मीच ते परत मांडलं. केबली ज्या हाताला लागल्या तशा खोचल्या. बायको म्हणाली, "त्या काळ्या डब्याच्या वायरी तूच तर लावल्यास, मी म्हटलंही की आधी फोटो काढ."

म्हणजे "मी काहीही बदललेलं नाही" हे वाक्य मागे घेतो.

सर्व्हर तीन नंबरच्या पोर्टात होता. पूर्वी सातमध्ये असायचा, स्विचच्या बुडाला मीच कधीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं सापडलं. सातमध्ये लावला. ईथटूल: १००, फुल. आयपर्फ दोन्ही दिशांनी ९४. तीच पीडीएफ, क्लिक केलं आणि उघडली. स्टॉपवॉच सुरू करेपर्यंत संपलं होतं.

आप्पा, ढगाळहवा, साष्टांग दंडवत.

टमटम

गणपतीनेच विघ्न आणलं म्हणायचं.

एक्स्चेंजचे आप्पा

गणपतीला बोल लावू नका, पोर्ट यांनी बदलला.

कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री १०:१०)

पुन्हा मीच. सर्व्हरवरची मेल आता पळते. पण *नवी* मेल सर्व्हरवर यायलाच उशीर होतोय असं बायको म्हणते. क्लायंट फोनवर म्हणतो पाठवली, इथे दहा-दहा मिनिटं पत्ता नाही. मला आता आठवतंय, गणपतीनंतर पहिल्या दिवशी होस्टिंगवर ३४० मेल तुंबल्या होत्या आणि त्या उतरायला पाऊण तास लागला होता. तेव्हा मी नेटला शिव्या घातल्या. फेचमेल बोलका करून बघितला तर तो एक मेल घेतो, थांबतो, मग दुसरी घेतो. दोन ओळींच्या मेललाही तेवढाच थांबतो.

रात्रपाळी

आता माझी पाळी.

३४० मेलना पाऊण तास म्हणजे २७०० सेकंद, मेलमागे आठ. मेल लहान असो की मोठी, थांबणं सारखंच, म्हणजे ही वाहतुकीतली ढिलाई नाही. कुणीतरी कशाची तरी वाट बघतंय. फेचमेल हातातली मेल पुढच्याच्या ताब्यात गेल्याशिवाय दुसरी मागत नाही. तुमच्याकडे पुढचा कोण? स्पॅमअ‍ॅसॅसिन. त्याच्या लॉगमध्ये प्रत्येक मेलच्या ओळीत किती सेकंद लागली ते लिहिलेलं असतं. बघा आणि सांगा. आणि त्याच्या कॉन्फिगमध्ये काळ्या याद्या (स्पॅमवाल्यांच्या पत्त्यांच्या, नेटवरून विचारायच्या) कुठल्या घातल्यात?

कृष्णाकाठ

७.९, ८.२, ८.१, ७.६, एक ११. बरोब्बर बोललात.

कॉन्फिग... खरं सांगू का, २०१२ ची माझी एक जुनी टिपणवही होती, त्यातून जसंच्या तसं उतरवलंय. जादाच्या चार याद्या त्यात हाताने घातलेल्या आहेत. डिग या आज्ञेने चारही विचारून बघितल्या. तीन उत्तरच देत नाहीत, डिग वाट बघून कंटाळतं.

रात्रपाळी

तीन मेलेल्या याद्या. स्पॅमअ‍ॅसॅसिन प्रत्येक मेलसाठी त्यांचं दार ठोठावतं आणि उत्तराची वाट बघतं. मुळात ही मुदत १५ सेकंदांची असते. बाकीच्यांची उत्तरं येतील तशी तो ती आखडती घेतो, म्हणून तुमच्याकडे आठावर भागलं. एरवी दिवसभर मेल एकेक येतात तेव्हा हे आठ सेकंद कुणाला जाणवत नाहीत. ऑडिटच्या गर्दीत रांग लागते.

त्या तीन काढा. आळसाने ठेवू नका, कारण बंद पडलेली यादी गप्प बसली तर नशीब. ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. कित्येकांनी कॉन्फिगमधून काढलीच नाही. मार्च २००८ मध्ये ती विचारलेल्या प्रत्येक पत्त्याला "हा स्पॅमवाला" असं उत्तर द्यायला लागली, आणि अशा सर्व्हरांवर चांगली मेलसुद्धा परत जायला लागली.

अजून एक. या याद्यांची चौकशी डीएनएसमधून (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) होते. सर्व्हर डीएनएस कुणाला विचारतो? गूगलच्या चार आठांना (८.८.८.८) असेल तर स्पॅमहाउसची यादी तुम्हाला धड उत्तर देत नाही. सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (सगळ्यांना डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमार्फत) आलेल्या चौकशीला ते वेगळा एरर कोड पाठवतात. सर्व्हरवरच अनबाउंड (घरचा रिझॉल्व्हर) टाका आणि स्वतःलाच विचारायला सांगा. पाच मिनिटांचं काम.

ढगाळहवा

+१. अनबाउंड टाकल्यावर रिझॉल्व्ह-कॉन्फ (डीएनएस कुणाला विचारायचं ते लिहिलेली फाइल) पुन्हा बघा, डीएचसीपी (नेटवर्कचे पत्ते आपोआप वाटणारा) ती फाइल मागच्या दाराने बदलून टाकतो.

कृष्णाकाठ (शनिवार, दुपारी १:४५)

तीन याद्या काढल्या, अनबाउंड टाकलं. ढगाळहवा म्हणाल्या तसंच झालं, रीस्टार्टनंतर फाइलमध्ये चार आठ परत येऊन बसले होते, डीएचसीपीला दटावलं. आता लॉगमध्ये ०.८, ०.९, कधी १.३. आज सकाळी मुद्दाम फेचमेल दोन तास बंद ठेवून ६० मेल साठू दिल्या आणि सोडला. मिनिटभरात सगळ्या आत.

स्विचचा पासवर्ड माहीत नाही, आणि रीसेट करायचं बटण टाचणीने दाबायचं धाडस ऑडिटच्या तारखा संपेपर्यंत करणार नाही. तोवर तीन नंबरचा पोर्ट रिकामाच राहील. मी त्यावर इन्सुलेशन टेप लावणार होतो, पण त्याआधीच बायकोने तिथे लाल टिकली चिकटवली आहे.

सोलकढी

आणि फोटो काढला का वायरींचा?

कृष्णाकाठ

तिने काढलाय. माझ्या फोनवर मेल केलाय. लगेच आला.